शैक्षणिक संशोधनातल्या संख्याशास्त्रीय पद्धती सिम्युलेशनने कशा तपासायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिम्युलेशन अभ्यास म्हणजे नेमकं काय?

शाळांमधून गोळा केलेल्या गुणांवर मॉडेल चालवलं की उत्तर मिळतं, पण ते बरोबर आहे का हे ताडून पाहायला खरं उत्तर कुणाकडेच नसतं. सिम्युलेशनमध्ये खरं उत्तर आपणच आधी ठरवतो. समजा, नव्या अध्यापन पद्धतीचा परिणाम 0.25 प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) इतका धरला. त्या हिशोबाने संगणकाकडून हजारो डेटासेट तयार करून घ्यायचे, प्रत्येकावर तीच पद्धत चालवायची आणि ती 0.25 च्या किती जवळ पोचते, किती वेळा फसते हे मोजायचं. परीक्षा पद्धतीची असते. अध्यापन चांगलं की वाईट, याबद्दल सिम्युलेशन काहीच सांगत नाही.

कल्पना संगणकाहून जुनी आहे. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी 1908 साली 3000 गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून काढली, तुकडे पिसले आणि चार-चारचे 750 नमुने करून छोट्या नमुन्यांसाठीचं आपलं गणित पडताळलं.

जे गणिताने सिद्ध होतं त्यासाठी सिम्युलेशन कशाला?

सिद्ध होत असेल तर नकोच. पण बहुतेक सिद्धता ‘नमुना अनंताकडे जाताना’ लागू होतात, आणि हातात असतात 14 शाळा. त्यात वर्गांचे आकार असमान, काही मुलं अंतिम चाचणीला गैरहजर आणि गुण वरच्या टोकाला साचलेले. अशा ठिकाणी सूत्र किती तग धरतं हे चालवून बघावं लागतं.

सुरुवात कुठून करायची?

कोड लिहिण्यापासून नक्कीच नाही. टिम मॉरिस, इयन व्हाइट आणि मायकल क्राउथर यांनी 2019 मध्ये मांडलेला ‘एडेम्प’ हा आराखडा आज सर्रास वापरला जातो: उद्देश, डेटा तयार करण्याची रीत, ज्याचा अंदाज घ्यायचा ती राशी, तपासायच्या पद्धती आणि कामगिरीचे मापदंड. हे पाचही आधी कागदावर यायला हवेत.

यात सगळ्यात जास्त घसरगुंडी होते ती तिसऱ्या मुद्द्यावर. ‘कार्यक्रमाचा परिणाम’ म्हणजे सरासरी विद्यार्थ्यावरचा की सरासरी शाळेवरचा? मोठ्या शाळांत परिणाम कमी आणि छोट्या शाळांत जास्त असेल, तर हे दोन आकडे वेगळे असतात. एक पद्धत पहिला आकडा काढते, दुसरी दुसरा. दोन्हींना एकाच ‘खऱ्या’ आकड्याशी ताडलं की एकीवर नाहक बायसचा, म्हणजे ठरावीक दिशेने चुकण्याचा, ठपका बसतो. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशा निकालांतही हाच घोळ होतो. बहुस्तरीय (विद्यार्थी शाळाशाळांत विभागलेले आहेत हे धरणाऱ्या) लॉजिस्टिक मॉडेलचा ऑड्स रेशो, म्हणजे दोन गटांतल्या उत्तीर्ण होण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर, शाळेच्या आतला असतो, तर जीईई (जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्स) पद्धतीचा सगळ्या शाळांना एकत्र धरून. शाळाशाळांत फरक असेल आणि परिणाम शून्य नसेल, तर एकत्रित आकडा 1 च्या, म्हणजे ‘परिणाम नाही’च्या, जास्त जवळ येतो, आणि त्यात कुणाचीही चूक नसते. खरी किंमत सूत्राने निघत नसेल, तर त्याच रीतीने काही लाख विद्यार्थ्यांचा एक प्रचंड डेटासेट तयार करून तिथून काढावी.

एक उदाहरण पूर्ण उलगडून दाखवाल का?

प्रश्न असा: कार्यक्रम शाळेच्या पातळीवर राबवला असताना विद्यार्थ्यांच्या गुणांवर साधी टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी) लावली तर काय होतं?

20 शाळा घ्या. 10 शाळांत कार्यक्रम, 10 शाळांत नाही. प्रत्येक शाळेत 25 विद्यार्थी. विद्यार्थ्याचा गुण म्हणजे तीन गोष्टींची बेरीज: कार्यक्रमाचा परिणाम, शाळेचा स्वतःचा वर-खालीपणा आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा. शाळेचा व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) 0.2 आणि विद्यार्थ्याचा 0.8 ठेवला की बेरीज 1 होते आणि आयसीसी, म्हणजे एकूण फरकातला शाळाशाळांमधल्या फरकाचा वाटा, 0.2 राहतो. पहिल्या फेरीत परिणाम शून्य ठेवा. आता चाचणीने 5 टक्के वेळाच ‘फरक आहे’ म्हणायला हवं.

प्रत्यक्षात ती सुमारे 42 टक्के वेळा तसं म्हणते. कारण हातानेही काढता येतं. डिझाइन इफेक्ट, म्हणजे मुलं शाळांच्या गठ्ठ्यांत आल्याने अंदाजाचा व्हेरियन्स किती पट होतो तो आकडा, 1 + (25 − 1) × 0.2 = 5.8, त्याचं वर्गमूळ साधारण 2.4. म्हणजे खरी प्रमाण त्रुटी (अंदाज नमुन्यागणिक किती हलतो त्याचं माप) टी-चाचणीला वाटते त्याच्या जवळपास अडीचपट आहे: 0.215, आणि चाचणी धरून बसते 0.09. 500 विद्यार्थी दिसत असले तरी स्वतंत्र माहिती पुरवणाऱ्या शाळा वीसच आहेत.

हे उदाहरण मुद्दाम निवडलं आहे, कारण उत्तर आधीच माहीत आहे. तुमच्या कोडने इथे 42 च्या आसपास आकडा दिला नाही, तर कोडमध्ये चूक आहे आणि पुढे जायचं नाही. प्रत्येक सिम्युलेशनमध्ये असा एक ओळखीचा कोपरा ठेवावा.

इथे सर्रास होणारी एक चूक जवळून बघा. आर भाषेत नॉर्मल वितरणातून आकडे काढणाऱ्या आरनॉर्म या फंक्शनचा तिसरा आकडा प्रमाण विचलन असतो, व्हेरियन्स नव्हे. तिथे 0.2 आणि 0.8 तसेच टाकले तर व्हेरियन्स होतात 0.04 आणि 0.64, आणि आयसीसी 0.2 ऐवजी 0.06 च्याही खाली येतो. कोड बिनतक्रार चालतो, आलेख सुबक दिसतात आणि निष्कर्ष निघतो की शाळांकडे दुर्लक्ष केलं तरी फारसं बिघडत नाही. हे टाळायला दर शाळेत 25 विद्यार्थी असलेला 10,000 शाळांचा एकच डेटासेट तयार करा आणि त्यातून सरासरी, दोन्ही व्हेरियन्स आणि आयसीसी काढून ठरवलेल्या आकड्यांशी जुळवा.

कोणत्या परिस्थिती तपासायच्या, आणि किती?

सिम्युलेशनची किंमत इथेच ठरते. निकाल फक्त तुम्ही उभ्या केलेल्या जगाबद्दल असतात. ते जग शाळांसारखं नसेल तर निकाल शाळांना लागू होत नाहीत. म्हणून आकडे हवेतून घेऊ नयेत. शालेय संपादनाच्या गुणांत, पूर्वचाचणी मॉडेलमध्ये नसताना, आयसीसी बरेचदा 0.10 ते 0.25 च्या दरम्यान दिसतो; वृत्ती-अभिरुचीच्या मापनांत बराच कमी असतो. शाळांची संख्या 10, 20, 40, 80 अशी दुपटीने वाढवावी, कारण गंमत खालच्या टोकाला असते. 80 शाळांवर बहुतेक पद्धती सारख्याच वागतात.

गुणांचं वितरण नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचं, धरणं ही सोय आहे, वस्तुस्थिती नव्हे. थिओडोर मिसेरी यांनी 1989 मध्ये संपादन चाचण्या आणि मानसशास्त्रीय मापनांचे 440 मोठे डेटासेट तपासले. नॉर्मल वितरणाच्या कसोटीवर एकही टिकला नाही. सोप्या पेपरात गुण वरच्या टोकाला साचतात, कठीण पेपरात तळाला. 1978 साली फ्लाइशमन यांनी दिलेल्या बहुपदी रीतीने हवी ती विषमता आणता येते. पण तिने पूर्ण गुणांपाशी साचलेली मुलं तयार होत नाहीत. ती हवी असतील तर आधी सुप्त क्षमता, मग त्यावरून प्रश्नांची उत्तरं आणि मग बेरीज, असंच जावं लागतं.

घटक वाढवताना हिशोब आधी करा. शाळांच्या 4 संख्या, वर्गाचे 2 आकार, 3 आयसीसी, 2 वितरणं आणि परिणाम असणं-नसणं असे 2, म्हणजे 96 परिस्थिती. प्रत्येकीत 2000 फेऱ्या आणि 3 पद्धती: 5,76,000 मॉडेल. एकाला 0.2 सेकंद धरले तर 32 तास, संगणकाच्या आठ कोअरवर वाटले तर चार. त्यात आणखी एक तीन पातळ्यांचा घटक टाकला की सगळं तिप्पट. सगळं सगळ्याशी गुणायलाच हवं असंही नाही. एक मध्यवर्ती परिस्थिती धरून एकेक घटक हलवला तरी पुष्कळ कळतं, फक्त घटकांची परस्परक्रिया दिसत नाही.

फेऱ्या किती घ्याव्यात? 1000 पुरेशा आहेत ना?

‘सगळे 1000 घेतात’ हे कारण नाही. सिम्युलेशन स्वतःच एक नमुना आहे, त्यामुळे त्याच्या निकालांनाही त्रुटी असते. तिला मॉन्टे कार्लो प्रमाण त्रुटी म्हणतात. प्रमाणांसाठी सूत्र सोपं: प्रमाण गुणिले उरलेलं प्रमाण, भागिले फेऱ्या, आणि वर्गमूळ.

खरी टाइप वन चूक (परिणाम नसताना ‘आहे’ म्हणणं) 5 टक्के असेल, तर 100 फेऱ्यांत ही त्रुटी 2.2 टक्के बिंदूंची असते. म्हणजे 9 टक्के दिसले तरी पद्धत सदोष आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. 1000 फेऱ्यांत ती 0.69 होते आणि 3.6 ते 6.4 च्या मधलं काहीही निव्वळ योगायोग असू शकतं. 10,000 फेऱ्यांत 0.22. कव्हरेज (विश्वास-अंतरात खरी किंमत किती वेळा सापडते ते प्रमाण) 95 टक्क्यांच्या आसपास अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेने हवं असेल तर 1900 फेऱ्या लागतात. पॉवर (परिणाम असताना तो पकडण्याची शक्यता) 50 टक्क्यांच्या आसपास एका टक्क्याच्या अचूकतेने हवी असेल तर 2500.

बायससाठी अंदाजांच्या प्रमाण विचलनाला फेऱ्यांच्या वर्गमूळाने भागायचं. वरच्या उदाहरणात 0.215 ला 2000 च्या वर्गमूळाने भागलं की 0.005 च्या आत येतं. 0.25 च्या परिणामात 5 टक्के बायस म्हणजे 0.0125, तो यात ओळखू येतो. 200 फेऱ्यांत येणार नाही.

कामगिरी कशाने मोजायची?

एका मापदंडाने कधीच नाही. बायस सांगतो की अंदाज सरासरीने कुठे पडतात. अंदाजांचं स्वतःचं प्रमाण विचलन सांगतं की ते किती विखुरलेत. मॉडेलने कळवलेली प्रमाण त्रुटी या विखुरण्याशी जुळते का, हे आमच्या मते सगळ्यात जास्त शिकवणारं गुणोत्तर आहे. वरच्या टी-चाचणीत बायस शून्य असतो! फक्त बायस बघणाऱ्याने तिला पूर्ण गुण दिले असते; बिघाड दिसतो तो 0.09 आणि 0.215 च्या तफावतीत.

सापेक्ष बायस सोयीचा असला तरी खरी किंमत शून्य असेल तिथे तो काढताच येत नाही, आणि शून्याजवळ उगाच भयंकर दिसतो. पॉवरची तुलना टाइप वन चूक आटोक्यात असलेल्या पद्धतींमध्येच करावी. जी पद्धत 42 टक्के वेळा खोटी आरोळी ठोकते तिची पॉवर जास्त असणारच. ‘आटोक्यात’ची मर्यादा आधी लिहून ठेवा, 5 टक्क्यांसाठी 2.5 ते 7.5 ही ब्रॅडली यांची 1978 ची सैल कसोटी पुष्कळदा वापरतात. ती खरोखरच सैल आहे.

काही डेटासेटवर मॉडेल कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे स्थिर उत्तरावर पोचत नाही. ते वगळले तर चालतील?

गुपचूप वगळणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक. न जमलेले डेटासेट इतरांसारखे नसतात, म्हणूनच तर ते जमत नाहीत.

10 शाळा, दर शाळेत 10 विद्यार्थी, आयसीसी 0.05 असं घ्या. दर चार डेटासेटपैकी साधारण एकात शाळांच्या सरासरींतला फरक इतका कमी भरतो, की शाळेच्या व्हेरियन्सचा रेमल (बहुस्तरीय मॉडेलमध्ये व्हेरियन्स काढायची नेहमीची रीत) अंदाज थेट शून्य येतो आणि सॉफ्टवेअर ‘सिंग्युलर फिट’ची सूचना देतं. ही सूचना म्हणजे अपयश नव्हे. शून्य हा त्या डेटाचा रीतसर अंदाज आहे. असे डेटासेट फेकले तर ज्यांत व्हेरियन्स योगायोगाने जास्त आला तेच उरतात, सरासरी वर चढते, आणि ‘रेमल आयसीसी फुगवून सांगतं’ असा शोध लागतो. तो शोध वगळण्याच्या नियमाचा असतो.

करायचं असं: सिंग्युलर आणि खरोखर कन्व्हर्ज न झालेले वेगळे मोजा. दुसऱ्या प्रकारात ऑप्टिमायझर (उत्तर शोधणारा अल्गोरिदम) बदलून किंवा पुनरावृत्त्या वाढवून एकदा पुन्हा प्रयत्न करा, आणि हा नियम आधीच ठरलेला असू द्या. मग प्रत्येक परिस्थितीत, प्रत्येक पद्धतीसाठी किती टक्के उरले ते तक्त्यात द्या. एक पद्धत 99 टक्के वेळा चालते आणि दुसरी 70 टक्के, तर फक्त दोन्ही चाललेल्या डेटासेटवरची तुलनाही शेजारी दाखवा. संशोधक प्रत्यक्षात जे करेल, म्हणजे मॉडेल अडलं की साध्या मॉडेलवर येणं, तेच कोडमध्ये बसवणं हा त्याहून प्रामाणिक मार्ग.

सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांच्या जनरेटरला सुरुवातीला दिलेला आकडा, कुठे आणि किती वेळा द्यायचा?

एकदा, सुरुवातीला. लूपच्या आत तोच सीड दिला तर 2000 फेऱ्यांत तोच एक डेटासेट 2000 वेळा येतो. अंदाजांचं प्रमाण विचलन नेमकं शून्य आलं तर हेच झालेलं असतं. समांतर चालवताना फसवणूक जास्त सूक्ष्म असते: आठही कोअरना सारखा सीड गेला तर 2000 फेऱ्यांत वेगळे डेटासेट 250 च राहतात, आणि ते नजरेला कळत नाही. आरच्या पॅरलल पॅकेजात यासाठी लेक्युये जनरेटरचे वेगवेगळे प्रवाह मिळतात, ते वापरावेत. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीची जनरेटरची अवस्था साठवली, तर 1347 वी फेरी कोसळली तेव्हा नेमका तोच डेटासेट परत उभा करता येतो. सगळ्या पद्धती त्याच डेटासेटवर चालवायच्या, हे वेगळं सांगायला नको. त्याने पद्धतींमधला फरक कमी फेऱ्यांत स्पष्ट होतो.

गैरहजर विद्यार्थ्यांचा, म्हणजे मिसिंग डेटाचा, अभ्यास करताना काय सांभाळावं?

दोन गोष्टी. पहिली: 20 टक्के गैरहजेरी ठरवली तर ती खरोखर 20 येते का ते मोजा. पूर्वचाचणीवर अवलंबून असलेल्या लॉजिस्टिक सूत्राने मुलं गायब करताना स्थिरांक जुळवून घ्यावा लागतो, आणि पूर्वचाचणीचा जोर बदलला की तो पुन्हा जुळवावा लागतो.

दुसरी: गैरहजेरी फक्त पूर्वचाचणीवर अवलंबून असेल आणि ती पूर्वचाचणी रिग्रेशनमध्ये असेल, तर मॉडेल बरोबर असताना नुसत्या हजर मुलांवरच्या विश्लेषणातही गुणक बायसविना येतात. अशा मांडणीत मल्टिपल इम्प्युटेशन (गहाळ गुण अंदाजाने अनेकदा भरण्याची पद्धत) जिंकलं नाही म्हणून गोंधळून जाऊ नका. फरक दिसायला हवा असेल तर गैरहजेरी अशा चलावर टांगा, जे अंतिम गुणांशी जोडलेलं आहे पण विश्लेषणाच्या मॉडेलमध्ये नाही, उदाहरणार्थ वर्षभरातली उपस्थिती. आणि एक मांडणी अशी हवीच, ज्यात कमी गुण पडणार म्हणूनच मूल चाचणीला येत नाही. तिथे बहुतेक पद्धती चुकतात आणि किती चुकतात हे कळणं महत्त्वाचं असतं.

आयआरटी (आयटम रिस्पॉन्स थिअरी) मॉडेलसाठी, म्हणजे मुलांची क्षमता आणि प्रश्नांची काठिण्यपातळी एकत्र मोजणाऱ्या मॉडेलसाठी, वेगळं काही?

मोजपट्टीकडे लक्ष ठेवा. तयार केलेल्या मुलांची क्षमता सरासरी 0.5 ने वर ठेवली आणि मॉडेलने सरासरी शून्य धरली, तर प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी 0.5 ने खाली सरकलेली दिसेल. हा बायस नव्हे, मोजपट्ट्यांमधला फरक आहे. आधी लिंकिंग (दोन्ही मोजपट्ट्या एकीवर आणणं), मग तुलना. प्रश्नांचे गुणधर्म सगळ्या फेऱ्यांत तेच ठेवायचे की दर फेरीला नवे काढायचे, हेही ठरवून लिहा. पहिल्यात निकाल त्या विशिष्ट प्रश्नसंचाचे असतात.

नवी पद्धत सुचवणाऱ्यानेच सिम्युलेशन केलं असेल तर कसं वाचावं?

सावधपणे. खोटेपणा नसतानाही झुकतं माप आपोआप पडतं: डेटा तयार होतो तो नव्या पद्धतीच्या गृहीतकांबरहुकूम, आणि जुन्या पद्धतीला मात्र तिची ज्ञात दुरुस्ती दिली जात नाही. 12 शाळांवर बहुस्तरीय मॉडेल केनवर्ड-रॉजर दुरुस्तीशिवाय, किंवा क्लस्टर रोबस्ट त्रुटी सीआर2 शिवाय (दोन्ही कमी शाळांसाठीच्या दुरुस्त्या) वापरून ‘जुनी पद्धत अपयशी’ म्हणणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाय बांधून शर्यत लावणं. नवी पद्धत हरते अशी एकही परिस्थिती तक्त्यात नसेल, तर ती शोधलीच गेली नाही असं समजायला हरकत नाही.

निकाल कसे मांडावेत?

96 ओळींचा तक्ता कुणी वाचत नाही. तो परिशिष्टात टाका. मुख्य मजकुरात आलेख हवा: आडव्या अक्षावर शाळांची संख्या, उभ्यावर टाइप वन चूक, प्रत्येक पद्धतीची एक रेघ, 5 टक्क्यांवर ठळक रेषा आणि प्रत्येक बिंदूभोवती मॉन्टे कार्लो त्रुटीची पट्टी. सगळ्या परिस्थितींची सरासरी काढून ‘पद्धत अ एकूण चांगली’ असं म्हणू नका. ती सरासरी तुम्ही कोणत्या परिस्थिती निवडल्या त्यावर ठरते.

पद्धती तपासायच्या नाहीत, फक्त माझ्या अभ्यासाला किती शाळा लागतील ते काढायचंय. तरी चालेल?

चालेल, आणि वर्गांचे आकार असमान असतील किंवा काही शाळा मध्येच गळणार असतील तर सूत्रांपेक्षा बरं चालेल. रीत तीच: अपेक्षित परिणाम धरा, डेटा तयार करा, जे विश्लेषण नंतर करणार आहात नेमकं तेच चालवा, आणि 80 टक्के पॉवर येईपर्यंत शाळा वाढवत न्या. आयसीसीचे किमान तीन आकडे घेऊन बघा, कारण 0.10 ऐवजी 0.20 निघाला तर लागणाऱ्या शाळा जवळपास दुप्पट होऊ शकतात. परिणामाचा आकडा मात्र अभ्यास झाल्यावर मिळालेल्या अंदाजातून उचलू नका. तशी ‘मागाहूनची पॉवर’ ही पी-व्हॅल्यूच (परिणाम नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) वेगळ्या वेषात असते; पी नेमका 0.05 आला असेल तर ती 50 टक्क्यांच्या आसपासच येणार.